हायड्रेंजिया निळा का होतो, पुन्हा का फुलतो आणि माझा पहिला प्रयोग का फसला

संशोधनाकडे वळायचं ठरवलेल्या मुलामुलींशी बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारते. तुमचा एखादा प्रयोग असा फसलाय का, की तो का फसला हेसुद्धा सांगता येऊ नये? बहुतेक जण 'नाही' म्हणतात. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे फसलं तरी चूक कुठे झाली ते वहीत सापडतं. माझा असा फसलेला प्रयोग प्रयोगशाळेत झाला नाही. तो शेजारच्या अंगणात, एका हायड्रेंजियाच्या झाडावर झाला. आज त्याबद्दल लिहितेय. घरच्या बागेत रंगीत आणि एकाच मोसमात पुन्हा पुन्हा फुलणारा हायड्रेंजिया कसा वाढवायचा हे यातून कळेलच, पण माझा खरा हेतू तुम्हाला एक झाड घेऊन 'कारण' शोधायला शिकवणं हा आहे.

आजींचं झाड

मी २०२१च्या ऑगस्टमध्ये पीएचडीसाठी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात आले. इथली तांबडी चिकणमाती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोकणच आठवलं. भाड्याच्या घराशेजारी एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या दाराशी हायड्रेंजियाचं जुनं झुडूप होतं, त्यांच्या यजमानांनी लावलेलं. यजमान आता नाहीत. आजी म्हणाल्या, "वीस वर्षं हे निळंच फुललं. यंदा बघ काय झालंय."

जून २०२२ मधली गोष्ट. झुडपाच्या एका बाजूची फुलं निळी-जांभळी होती, दुसऱ्या बाजूची चक्क गुलाबी. आजींना गुलाबी रंगाचं वावडं नव्हतं, पण ते झाड त्यांच्या आठवणीत निळं होतं. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. छाती फुगवून म्हणाले, "आजी, मी करते निळं."

पुढे काय झालं ते सांगण्याआधी थोडं शास्त्र बघू, म्हणजे माझ्या चुका तुम्हाला स्वतःच दिसतील.

आपण ज्याला फूल म्हणतो ते

हायड्रेंजिया मॅक्रोफायला मूळचा जपानचा. तिथे त्याला 'अजिसाई' म्हणतात. त्याचा चेंडूसारखा जो गुच्छ दिसतो त्यातला रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती निदलं आहेत. बोगनवेलीत आपण ज्यांना फुलं म्हणतो ती जशी रंगीत पानं असतात, तसाच हा प्रकार. खरी फुलं गुच्छाच्या आत, अगदी बारीक असतात. निदलं पाकळ्यांपेक्षा बरीच टिकाऊ, म्हणून एकच गुच्छ कित्येक आठवडे झाडावर राहतो, आणि जुना होताना हिरवट पडत जातो. ही हिरवट पडण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लिटमस नव्हे

तुम्ही ऐकलं असेल: माती आम्लधर्मी असेल तर हायड्रेंजिया निळा, आम्लारी असेल तर गुलाबी. म्हणजे मातीचा सामू कळला की रंग कळला. ऐकायला सोपं आहे, आणि बऱ्याचदा खरंही ठरतं. पण 'बऱ्याचदा खरं ठरतं' आणि 'हेच कारण आहे' या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजेच संशोधन.

आधी एक साधी शंका घ्या. लिटमस आम्लात लाल होतो. हायड्रेंजिया आम्ल मातीत निळा होतो. उलटंच की! मग झाड लिटमससारखं वागतंय असं कसं म्हणायचं?

निदलांच्या पेशींमध्ये डेल्फिनिडिन ३-ग्लुकोसाइड नावाचं रंगद्रव्य असतं. गुलाबी निदलातही तेच, निळ्यातही तेच. फरक पडतो तो ॲल्युमिनियममुळे. पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीरसाने भरलेल्या पिशवीत, ॲल्युमिनियमचे आयन पुरेसे पोचले की ते या रंगद्रव्याला धरतात. सोबत क्विनिक आम्लापासून बनलेले काही मदतनीस रेणूही लागतात. हे सगळे मिळून जो संयुक्त रेणू तयार होतो तो निळा दिसतो. ॲल्युमिनियम नसेल तर रंगद्रव्य तांबूस-गुलाबी राहतं.

मग सामूचं काय? मातीत ॲल्युमिनियम भरपूर असतं, पण बहुतेक सगळं खनिजांत अडकलेलं. सामू साधारण ५.५च्या खाली गेला की त्यातलं काही विरघळून मुळांना मिळू लागतं. सामू सहा-सातच्या आसपास असेल तर ते हायड्रॉक्साइडच्या रूपात घट्ट बसून राहतं. म्हणजे सामू रंग बदलत नाही, तो दार उघडतो किंवा बंद करतो. दारातून आत जाणारा पाहुणा ॲल्युमिनियम.

जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या कुमी योशिदा यांच्या गटानं २००३ मध्ये एकेका पेशीच्या रिक्तिकेत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून सामू मोजला. निळ्या पेशींत तो ४.१च्या आसपास निघाला, लाल पेशींत ३.३च्या आसपास. दोन्ही आम्लच. माती आम्लारी असो वा नसो, पेशीच्या आत मामला आंबटच. त्यामुळे 'मातीचा सामू थेट फुलात उतरतो' ही कल्पना इथेच बाद होते.

या शोधाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. जुने माळी झाडाच्या बुंध्याशी गंजके खिळे पुरायचे. अजूनही काही जण पुरतात. त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं की मातीतल्या कशानेतरी रंग बदलतो, पण त्यांनी धातू चुकीचा निवडला. हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये मातीत वेगवेगळे क्षार घालून पाहिले आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांकडे बोट दाखवलं. अमेरिकेत बॉइस थॉम्पसन संस्थेत आर. सी. ॲलन यांनी १९४३ मध्ये ॲल्युमिनियम आणि रंगाचं नातं सविस्तर मांडलं. त्यानंतर रेणूंची रचना, पेशीतला सामू, ॲल्युमिनियम रिक्तिकेत नेणारी वाहक प्रथिनं असं एकेक कळत गेलं. निळा रंग आपण शतकानुशतकं बघतोय, पण 'का'चं उत्तर मिळायला शंभरावर वर्षं लागली.

आणखी एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. विरघळलेलं ॲल्युमिनियम बहुतेक पिकांच्या मुळांना विषारी असतं. मग हे झाड मरत कसं नाही? जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की हायड्रेंजियाच्या पानांत ॲल्युमिनियम सिट्रेटशी बांधलेल्या रूपात असतं. लिंबातलं सिट्रिक आम्ल, त्याचंच हे भावंड. बांधून ठेवलं की त्रास देत नाही. पण बांधून ठेवण्याला मर्यादा असते. ती मर्यादा मी ओलांडली, ते पुढे येईलच.

पुन्हा फुलणं म्हणजे नेमकं काय

आता दुसरा भाग. साध्या जुन्या जातींचा हायड्रेंजिया वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतो. त्या फुलांच्या कळ्या मात्र आदल्या वर्षीच, उन्हाळा सरताना आणि शरदात, दिवस लहान आणि हवा गार होत जाते तेव्हा फांद्यांच्या टोकाशी तयार होतात. कळ्या हिवाळाभर झोपतात, काही आठवडे थंडी खातात आणि वसंतात जाग्या होतात. म्हणजे या वर्षीचं फूल गेल्या वर्षीच्या लाकडावर बसलेलं असतं. हिवाळ्याच्या तोंडावर छाटणी केलीत, किंवा कडक थंडीनं फांद्या मेल्या, की पुढच्या वर्षी झाड हिरवंगार असतं पण फुलं शून्य.

पुन्हा फुलणाऱ्या जाती जुन्या लाकडावर फुलतातच, शिवाय त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवरही कळी धरतात. त्यामुळे पहिला बहर थंडीनं मारला तरी दुसरा येतो.

यातली सगळ्यात गाजलेली जात कशी हाती लागली ती गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्य आहे, तिथला हिवाळा इतका भयंकर की हायड्रेंजियाच्या फांद्या दरवर्षी जमिनीपर्यंत मरतात. तिथल्या बेली नर्सरीत सेंट पॉल शहरातल्या एका अंगणातून आणलेलं झाड लावलेलं होतं. १९९८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल डर तिथे गेले असता त्यांच्या लक्षात आलं की ही झाडं भरभरून फुललीयत. २००४ मध्ये 'एंडलेस समर' या नावानं ती जात बाजारात आली.

इथे थांबून तर्क बघा. फांद्या दरवर्षी मरतात. तरीही फुलं येतात. म्हणजे फुलं जुन्या लाकडावरची असूच शकत नाहीत. यंत्र नाही, रसायन नाही, नुसतं 'इथे हे असायला नको होतं' असं जाणवणं. पण जाणवणं हा शेवट नव्हे. त्यानंतर मोजावं लागतं. जेफ ॲडकिन्स आणि डर यांनी २००३ मध्ये दहा जातींची पुन्हा फुलण्याची क्षमता तपासून प्रसिद्ध केली. निरीक्षण आधी, मोजमाप नंतर, नाव आणि जाहिरात सगळ्यात शेवटी.

मी काय काय बिघडवलं

आता माझ्या पराक्रमाकडे या. जून २०२२. मी ॲल्युमिनियम सल्फेटची पिशवी आणली. आपली तुरटी याच्याच नात्यातली, तिच्यात पोटॅशियमही असतं. इथल्या कृषी विस्तार केंद्राच्या पत्रकात प्रमाण दिलेलं होतं: एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, मार्च-एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा. माझ्याकडे जून उजाडलेला. घाई होती. मी चार चमचे घातले, आणि दोन आठवड्यांत तीनदा.

माती तपासली नाही. आधी साधं पाणी देऊन मुळं ओली केली नाहीत. झाडाच्या एका बाजूला देऊन दुसरी बाजू तशीच ठेवावी, असंही सुचलं नाही.

जुलैमध्ये पानांच्या कडा करपल्या. काही फांद्या माना टाकून बसल्या. सप्टेंबरमध्ये झाड बरं दिसावं म्हणून मी करपलेल्या आणि शेजारच्याही फांद्या 'नीटनेटक्या' कापल्या. डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या आसपास थंडीची जबरदस्त लाट आली. अटलांटात पारा शून्याखाली तेरा अंशांपर्यंत उतरला. उरलेल्या फांद्या काळ्या पडल्या.

जून २०२३ मध्ये बुंध्यातून हिरवे फुटवे आले. फूल एकही नाही. निळं नाही, गुलाबीही नाही.

माझ्या दारातल्या वाफ्यात घरमालकांनी लावलेला पुन्हा फुलणारा हायड्रेंजिया होता. त्याच्याही फांद्या त्या थंडीत मेल्या. जुलैअखेर त्यानं नव्या फांद्यांवर पाच गुच्छ दिले. आजी ते बघून काही बोलल्या नाहीत, पण रोज संध्याकाळी तिथे उभ्या राहायच्या. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी गाइडना सगळं सांगितलं. मला वाटलं, थोडी सहानुभूती मिळेल. त्यांनी विचारलं, "फुलं का आली नाहीत?"

मी म्हणाले, "जास्त ॲल्युमिनियममुळे."

"की छाटणीमुळे?"

"...तेही असेल."

"की थंडीमुळे?"

मी गप्प.

"तीन कारणं, एक परिणाम, एक झाड. यातून तू काय सांगू शकतेस?"

"काहीच नाही."

"हे वाक्य वहीत लिही. तारीख घालून."

लिहिलं. शेजारचं झाड फुललं म्हणून 'पुन्हा फुलणारी जात थंडीत टिकते' असं सिद्ध झालं का? तेही नाही. त्याला ऊन वेगळं, माती वेगळी, मी औषधपाणी केलेलं नाही आणि सप्टेंबरमध्ये कापलेलंही नाही. आपल्याला जे आधीच ठाऊक आहे त्याच्याशी ते जुळतं, एवढंच. जुळणं म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा प्रयोग

मग आधी करायला हवं होतं ते केलं, माती तपासली. आजींच्या झाडाच्या एका बाजूचा सामू ५.६ निघाला. दुसऱ्या बाजूचा ७.२. दोन हातांच्या अंतरात एवढा फरक? आजींना विचारलं तेव्हा कळलं, २०२१च्या शरदात दारापर्यंतची पायवाट नव्यानं काँक्रीटची केली होती. नव्या काँक्रीटमधून चुना पाण्याबरोबर मातीत उतरतो. पायवाटेची बाजू आणि गुलाबी फुलांची बाजू एकच होती. वर्षभर मी ज्याच्यावर औषध ओतत होते, त्याचं कारण एका साध्या प्रश्नात होतं.

आता प्रयोग. हायड्रेंजियाची एक मोठी सोय म्हणजे कोवळ्या फांदीची कलमं सहज मुळं धरतात. एकाच झाडाची सगळी कलमं जनुकीयदृष्ट्या सारखी, त्यामुळे 'झाडच वेगळं होतं' ही पळवाट बंद. जून २०२३ मध्ये आजींच्या परवानगीनं सोळा कलमं घेतली. चौदा जगली. बारा प्रयोगाला, दोन आजींसाठी राखीव.

गट कसे पाडायचे? सामू आणि ॲल्युमिनियम वेगळे काढायचे होते. गंमत अशी की ॲल्युमिनियम सल्फेट दोन्ही कामं एकदम करतं: ॲल्युमिनियम देतं आणि सामूही उतरवतं. नुसतं ते घालून झाड निळं झालं तर श्रेय कोणाला द्यायचं हे कळणार नाही. म्हणून चार गट केले:

एक, आम्ल माध्यम आणि ॲल्युमिनियम.
दोन, आम्ल माध्यम, ॲल्युमिनियम नाही.
तीन, चुना घालून सामू वाढवलेलं माध्यम आणि ॲल्युमिनियम.
चार, चुना घातलेलं माध्यम, ॲल्युमिनियम नाही.

माध्यम म्हणून माती घेतली नाही, कारण मातीत मुळातच ॲल्युमिनियम असतं. पीट आणि परलाइट घेतलं. ज्या गटांना ॲल्युमिनियम सल्फेट नव्हतं त्यांना तेवढ्याच सल्फेटसाठी पोटॅशियम सल्फेट दिलं, म्हणजे 'हा सल्फेटचा परिणाम' असं कोणी म्हणू नये. खत सगळ्यांना एकच, स्फुरद कमी असलेलं, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून टाकतं. दर महिन्याला कुंडीतून झिरपलेल्या पाण्याचा सामू मोजला, तिसऱ्या गटात तो घसरला की पुन्हा चुना दिला. कोणती कुंडी कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सप्टेंबरनंतर कात्रीला हात लावला नाही. हिवाळ्यात सगळ्या कुंड्या गरम न केलेल्या गॅरेजमध्ये, म्हणजे थंडी मिळेल पण कळ्या गोठणार नाहीत.

रंग ठरवताना कुंड्यांवरची लेबलं झाकली आणि रूममेटला बोलावलं. तिला गटांची काहीच कल्पना नव्हती. गुच्छ पूर्ण उमलल्यावर ठरावीक दिवशीच रंग नोंदला, कारण जुना होताना तो हिरवट पडतो. सांगितलं होतं ना, कामाला येईल म्हणून?

जून २०२४. बारापैकी नऊ कुंड्या फुलल्या. पहिल्या गटातल्या तिन्ही निळ्या. बाकी तीन गटांत प्रत्येकी दोन फुलल्या, सगळ्या गुलाबी. आम्ल पण ॲल्युमिनियम नाही: गुलाबी. ॲल्युमिनियम आहे पण चुना आहे: गुलाबी. दार उघडं हवं आणि पाहुणाही हवा.

फक्त एक खडा लागला. दुसऱ्या गटातल्या एका गुच्छाला जांभळट झाक होती. तिथे तर ॲल्युमिनियम दिलंच नव्हतं. मी पुन्हा गाइडकडे. त्यांनी एवढंच विचारलं, "परलाइट कशाचं बनतं?"

परलाइट म्हणजे फुलवलेली ज्वालामुखीय काच. तिच्यात ॲल्युमिनियम असतं. आम्ल माध्यमात वर्षभर राहून त्यातलं किंचित सुटलं असणं शक्य आहे. ती झाक त्यामुळेच आली असं मी म्हणू शकत नाही, कारण निदलांतलं ॲल्युमिनियम मोजलं नाही. पण 'ॲल्युमिनियम नाही' असं लेबल लावताना माझा कंट्रोल स्वच्छ नव्हता, हे मात्र नक्की. शब्द बदलून 'ॲल्युमिनियम दिलेलं नाही' असं लिहिलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्या या प्रयोगानं जगाला काही नवं कळलं का? अजिबात नाही. मोलिश, ॲलन आणि योशिदा यांनी जे दाखवलं त्याच्याशी माझ्या नऊ गुच्छांचं जमलं, एवढंच. पण पेपर वाचताना 'अमुकमुळे तमुक होतं' असं वाक्य आलं की आता मी आपोआप विचारते: दुसरं काय काय बदललं होतं?

घरी लावायचा असेल तर

थोडं व्यवहाराचं. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली ही या झाडाची आवडती जागा. माती ओलसर हवी, पण पाणी साचणारी नको. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. निळ्यासाठी सामू ५ ते ५.५, गुलाबीसाठी ६ ते ६.५ धरा. पांढऱ्या जातींवर मात्र मेहनत करू नका. त्यांत रंगद्रव्यच जवळपास नसतं, मग ॲल्युमिनियम कुणाला धरणार? निळ्यासाठी कमी स्फुरद आणि जास्त पालाश असलेलं खत घ्या. ॲल्युमिनियम सल्फेट द्यायचंच तर झाड किमान दोन वर्षांचं असू द्या, आधी साधं पाणी द्या, प्रमाण पत्रकाप्रमाणेच ठेवा. घाईत चौपट केलं की काय होतं ते वर वाचलंच आहे.

साध्या जातीची छाटणी फुलं संपल्यावर लगेच, पुढच्या कळ्या धरायच्या आत करा. पुन्हा फुलणाऱ्या जातीत सुकलेला गुच्छ खालच्या पहिल्या ठसठशीत डोळ्यांच्या जोडीवर कापा, पाणी तुटू देऊ नका, थोडं खत द्या. नवी फांदी फुटून त्यावर पुढचा बहर धरतो. मेलेलं लाकूड शरदात कापू नका. वसंतात कुठल्या डोळ्याला हिरवं फुटतंय ते दिसल्यावरच कात्री उचला.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते. तिथे सामू उतरवायला जे घालाल ते चुनखडी खाऊन टाकते, म्हणून कुंडी आणि वेगळं माध्यम हाच शहाणपणा. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेटही कुंडीचा सामू हळूहळू चढवतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. कोकणातली जांभी माती मुळात आम्लधर्मी, तिथे रंगाची बाजू सोपी. पण कळ्यांना थंडी लागते, म्हणून उटी, दार्जिलिंग, सिमल्याकडे हे झाड जसं खुलतं तसं समुद्रकाठी खुलेल अशी आशा धरू नका.

शेवटी

२०२४च्या शरदात आजी दुसऱ्या राज्यात लेकीकडे राहायला गेल्या. राखून ठेवलेली दोन्ही कलमं बरोबर नेली. यजमानांचं झाड त्यांना उचलून नेता आलं नाही, पण कलम म्हणजे तेच झाड, हे मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग निळं येईल ना?" या वेळी मी 'हो, करते निळं' म्हणाले नाही. म्हटलं, "आधी तिथली माती तपासून घ्या," आणि नमुना कसा काढायचा ते कागदावर लिहून दिलं.

यंदा जूनमध्ये त्यांच्या लेकीनं फोटो पाठवला. दोन झाडं, एकाच वाफ्यात, एकाच दिवशी लावलेली. एक फिकट निळं. दुसरं जांभळट गुलाबी. आजी मधोमध खुर्चीवर बसल्यायत, हसतायत.

झाडं एकाच आईची, वाफा एकच, मग रंग दोन का? मी मला सुचलेली चार कारणं वहीत लिहून ठेवलीयत, आणि प्रत्येकासमोर ते खोटं ठरवायला काय मोजावं लागेल तेही. तुम्हीही लिहा. पहिल्यांदा काय विचाराल, कुणाला विचाराल, आणि कोणतं उत्तर मिळालं तर तुमचा अंदाज सोडून द्याल? या तीन ओळी लिहिता आल्या तर तुमची संशोधनाची तयारी सुरू झाली असं समजा.

आणि हो, काँक्रीटबद्दल विचारायला विसरू नका.